इंटरप्टला मधूनच होणारा उशीर

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचे पाकिटे कापण्याचे यंत्र आहे. त्याच्या कंट्रोलरमध्ये १६८ मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर आणि फ्रीआरटॉस ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. एन्कोडरचा (फिरणे मोजणाऱ्या सेन्सरचा) पल्स दर २५ मायक्रोसेकंदांनी येतो व प्रत्येक पल्सला इंटरप्ट होतो, म्हणजे प्रोसेसर हातातले काम थांबवून तो मोजतो. दिवसातून चार-सहा वेळा एखादा पल्स कमी मोजला जातो आणि काप छपाईवर येतो. प्रिंटएफ (संदेश छापणारे फंक्शन) टाकून पाहिले, तर मोजणी आणखीच बिघडली. शोध कसा घ्यावा?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : प्रिंटएफ आधी काढून टाका. सिरियल पोर्टवर १,१५,२०० बॉडला (सेकंदाला तितके बिट) एक अक्षर बाहेर पडायलाच सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे तेवढ्या वेळात तुमचे तीन पल्स येऊन जातात. इंटरप्ट थांबून राहिल्याची नोंद एकाच पेंडिंग बिटात होते. तो बिट लागलेला असताना दुसरा पल्स आला, तर तो कायमचा हरवतो.

प्रोसेसरचा स्वतःचा वाटा किरकोळ आहे. मेमरीला थांबावे लागत नसेल, तर हँडलरमध्ये (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) शिरायला १२ सायकली, म्हणजे ०.०७ मायक्रोसेकंद लागतात. तेव्हा २५ मायक्रोसेकंदांहून जास्त काळ इंटरप्ट कोणी अडवून ठेवतो, एवढेच शोधायचे आहे.

ऑसिलोस्कोपचा एक प्रोब एन्कोडरच्या तारेवर लावा आणि दुसरा एका रिकाम्या पिनवर, जी हँडलरच्या पहिल्याच ओळीत वर जाईल व शेवटी खाली येईल. पडद्यावर जुन्या रेषा टिकून राहतील असे सेटिंग ठेवून यंत्र पूर्ण पाळीभर चालू द्या. सरासरी पाहू नका. सगळ्यांत उजवीकडे सरकलेली एकटी रेषा तुमच्या कामाची आहे.

मग क्रिटिकल सेक्शनमध्ये (इंटरप्ट तात्पुरते अडवून चालणाऱ्या कोडच्या तुकड्यात) शिरताना आणि बाहेर पडताना डीडब्ल्यूटीचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या डीबगिंगच्या भागाचा, सायकल काउंटर वाचा, आणि सर्वांत मोठा फरक व तो कोणत्या फंक्शनमध्ये आला त्याचा पत्ता रॅममध्ये ठेवा. सेक्शन एकात एक असतील, तर फक्त सर्वांत बाहेरचा मोजा. काउंटर ३२ बिटांचा असल्याने सुमारे २५.६ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो, पण वजाबाकी अनसाइन्ड (ऋण चिन्ह नसलेल्या आकड्यांची) ठेवली तर उत्तर चुकत नाही.

या नोंदीत काही सापडले नाही, पण पिनवर उशीर दिसतच राहिला, तर यंत्राचे सेटिंग फ्लॅशमध्ये (वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत) केव्हा साठवले जाते ते पाहा. प्रोग्रॅम त्याच फ्लॅशमधून चालत असेल, तर लिहिणे संपेपर्यंत प्रोसेसर पुढची सूचना वाचू शकत नाही. दिवसातून चार-सहा वेळा म्हटल्यावर माझा पहिला संशय इथेच जातो. तसे निघाल्यास हँडलर आणि व्हेक्टर टेबल (हँडलरच्या पत्त्यांची यादी) दोन्ही रॅममध्ये हलवा आणि साठवण यंत्र थांबल्यावरच करा.

दोष क्रिटिकल सेक्शनचा निघाला, तर एन्कोडरच्या इंटरप्टची प्रायॉरिटी कर्नलच्या (फ्रीआरटॉसच्या गाभ्याच्या) सिस्कॉल मर्यादेच्या वर न्या; त्या मर्यादेपर्यंतचेच इंटरप्ट कर्नल अडवतो. कॉर्टेक्स-एममध्ये लहान आकडा म्हणजे वरची प्रायॉरिटी, आणि इथे हमखास गफलत होते. मग फ्रीआरटॉसचे क्रिटिकल सेक्शन हा इंटरप्ट अडवणार नाहीत, मात्र त्या हँडलरमधून फ्रीआरटॉसचे एकही फंक्शन बोलावता येणार नाही. चिपच्या टायमरला एन्कोडर मोड असेल, तर मोजणी त्याच्याकडेच सोपवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.