पोस्टग्रेसमधील जुने एमडी५ पासवर्ड बदलणे खरोखर आवश्यक आहे का?

आपण विचारले आहे की, संस्थेचा पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरचा सर्व्हर कार्यालयातच कुलपात असतो आणि पासवर्ड एमडी५ने (मजकुरापासून ठरावीक लांबीची अक्षरे, म्हणजे हॅश, काढण्याची जुनी पद्धत) एन्क्रिप्ट झालेले आहेत, तर मग स्क्रॅम या नव्या पद्धतीवर जाण्याचा खटाटोप कशासाठी करायचा. बदल आवश्यक आहे. "एन्क्रिप्ट झालेले आहेत" हे उत्तर मी स्वतः तीन वर्षे ऐकले असल्यामुळे सविस्तर लिहितो.

मी दापोली तालुक्यातील एका मच्छीमार सहकारी संस्थेचे संगणक सांभाळतो. नौकांना दिलेले डिझेल, बर्फ, सभासदांची उचल आणि मासळीच्या पैशांतून होणारी वसुली हा सगळा हिशेब पोस्टग्रेसमध्ये आहे. सॉफ्टवेअर एका पुरवठादाराचे असून खाडीपलीकडे गुहागर तालुक्यातील एका संस्थेतही तेच चालते. एका जून महिन्यात विजेच्या लोळाने तिथला सर्व्हर जळाला आणि त्यांच्या सचिवांनी मला बोलावले. दाभोळहून फेरीबोटीने धोपावे गाठून मी तिथे गेलो, तेव्हा त्यांनी टेबलाच्या उघड्या खणातून बॅकअपचा पेनड्राइव्ह काढून हातात ठेवला. पीजी-डंपऑल या पोस्टग्रेसच्या साधनाने घेतलेल्या बॅकअपच्या आरंभीच सर्व वापरकर्त्यांची नावे आणि त्यांचे साठवलेले पासवर्ड असतात, हे आपल्याला ठाऊक असेलच. त्यातली पुरवठादाराच्या वापरकर्त्याची ओळ मला ओळखीची वाटली, कारण आठवड्यापूर्वीच मी आमचा सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेला होता. घरी येऊन ताडून पाहिले, तर ‘एमडी५’ या खुणेपुढची बत्तीसच्या बत्तीस अक्षरे दोन्ही संस्थांत तंतोतंत सारखी होती.

याचा अर्थ पुरवठादाराने दोन्हीकडे एकच पासवर्ड ठेवला होता, आणि पोस्टग्रेसच्या जुन्या पद्धतीमुळे तो न फोडताही तसे दिसत होते. या पद्धतीत पासवर्डपुढे वापरकर्त्याचे नाव जोडून त्याचा एमडी५ काढला जातो. वेगळे, यादृच्छिक मीठ (हॅश काढण्यापूर्वी घालायची जादा भर) त्यात मिसळले जात नाही. नाव आणि पासवर्ड सारखे असले की जगातील कोणत्याही सर्व्हरवर तीच अक्षरे उमटतात. (वापरकर्त्याचे नाव बदलले की एमडी५ पासवर्ड पुसला जातो, तोही याच कारणाने.)

मी पुरवठादाराला दूरध्वनी केला. त्याने सांगितले की, हॅशवरून पासवर्ड काढता येत नाही, त्यामुळे काळजीचे कारण नाही. माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे की, हे उत्तर देणाऱ्याने पोस्टग्रेसमध्ये प्रवेशाचे काम कसे चालते हे कधी वाचलेलेच नाही. एमडी५ पद्धतीत सर्व्हर चार बाइटांचे एक मीठ पाठवतो आणि क्लायंट (प्रवेश मागणारा प्रोग्रॅम) ते साठवलेल्या हॅशला जोडून पुन्हा एमडी५ काढून परत पाठवतो. म्हणजे उत्तर तयार करायला मूळ पासवर्ड लागतच नाही. साठवलेली अक्षरे हातात असली की पुरते. अध्यक्षांच्या परवानगीने मी आमच्याच सर्व्हरवर, त्या वापरकर्त्याचा पासवर्ड मला ठाऊक नसताना, केवळ बॅकअपमधील ओळ वापरून प्रवेश केला आणि डिझेलचे पूर्ण खाते त्यांच्यासमोर उघडले. उभा जन्म समुद्रावर काढलेल्या त्या गृहस्थांनी एवढेच विचारले, "म्हणजे कुलूप मोडायचीसुद्धा गरज नाही?"

त्यानंतर पुरवठादाराचे दुसरे म्हणणे आले की, नवीन आवृत्तीवर गेल्यामुळे प्रश्न आपोआप सुटला आहे. तेही चुकीचे होते. स्क्रॅम-एसएचए-२५६ पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीत, २०१७ मध्ये आले आणि २०२१ च्या १४ व्या आवृत्तीपासून ते आपसूक लागू असते, परंतु ते नव्याने ठेवलेल्या पासवर्डांना. जुने हॅश बॅकअपमधून जसेच्या तसे नव्या सर्व्हरवर येऊन बसतात आणि बदलेपर्यंत तसेच राहतात. २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत एमडी५ पासवर्ड ठेवू पाहिल्यास इशारा दिला जातो, कारण ही पद्धत आता काढून टाकण्याच्या वाटेवर आहे. स्क्रॅममध्ये प्रत्येक पासवर्डाला वेगळे यादृच्छिक मीठ असते, हॅशिंगची ४०९६ आवर्तने होतात, आणि सर्व्हरकडे जे साठते त्याच्या बळावर क्लायंट म्हणून आत शिरता येत नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे शेवटचेच आहे.

काम आम्ही १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात उरकले, कारण नौका समुद्रात असताना डिझेलची खिडकी एक तासही बंद ठेवता येत नाही. आधी पासवर्ड-एन्क्रिप्शन या सेटिंगची किंमत स्क्रॅम केली आणि मग एकेका वापरकर्त्याचा पासवर्ड पीएसक्यूएल या पोस्टग्रेसला आज्ञा देण्याच्या साधनातील ‘पासवर्ड’ या अंतर्गत आज्ञेने बदलला, म्हणजे तो उघड स्वरूपात सर्व्हरच्या नोंदींत जात नाही. पीजी-एचबीए या प्रवेशाचे नियम असलेल्या फाइलमधील ओळ मात्र सर्वांत शेवटी बदलावी. तिथे एमडी५ लिहिलेले असले तरी पासवर्ड स्क्रॅममध्ये साठवलेला असल्यास सर्व्हर स्वतःच स्क्रॅम वापरतो. उलट ती ओळ आधी बदलली, तर जुना हॅश असलेले सर्व वापरकर्ते बाहेर राहतील. डिझेलच्या खिडकीवरील जुन्या संगणकाने "प्रमाणीकरण पद्धत १० समर्थित नाही" अशा अर्थाची इंग्रजी चूक दाखवली, ती नवा ओडीबीसी ड्रायव्हर (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारा भाग) बसवल्यावर थांबली. पुरवठादाराच्या प्रोग्रॅममध्ये नवा पासवर्ड घालण्यासाठी मात्र संचालक मंडळाला ठराव करून लेखी मागणी करावी लागली. आपल्याकडेही पुरवठादार टाळाटाळ करत असेल तर तोंडी बोलत बसू नका. पासवर्ड संस्थेचा आहे आणि तो बदलण्याचा अधिकार संस्थेचाच आहे.

आता काही मर्यादा. पासवर्ड नौकेच्या नावासारखा सोपा असेल तर ४०९६ आवर्तनांनी अंदाज बांधणाऱ्याची गती फक्त कमी होईल. स्क्रॅम प्रवेशापुरते आहे. तारेवरून जाणारा हिशेब झाकायचा असेल तर टीएलएस (जोडणीवरील माहिती एन्क्रिप्ट करणारी पद्धत) वेगळे लावावे लागेल. बॅकअपचा पेनड्राइव्ह ज्याच्या हाती पडेल त्याला आतील हिशेब तसाही वाचता येतो, म्हणून तो कुलपात ठेवावा.

आणि एक गोष्ट स्क्रॅमनेही होणार नाही. गुहागरच्या संस्थेतही आम्ही त्याच पावसाळ्यात हा बदल केला. मीठ वेगवेगळे असल्यामुळे आता दोन संस्थांच्या बॅकअपमधील ओळी ताडून पाहिल्या तरी पुरवठादाराने पुन्हा एकच पासवर्ड वापरला आहे की नाही, हे कळत नाही. म्हणून दोन्ही पासवर्ड आमच्या सचिवांनी आणि त्यांच्या सचिवांनी स्वतंत्रपणे ठरवले आणि प्रोग्रॅममध्ये ते घालताना पुरवठादाराच्या माणसाशेजारी दोन्ही वेळा मी बसलो होतो.