बँडसॉचं पातं निवडताना

बँडसॉ म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवत. तिच्यावर एकच पातं सगळ्या कामाला लावायचा हट्ट आधी सोडा. १४ इंची चाकाच्या मशीनवर फणसाची ६ इंच उंच फळी उभी चिरायची, तर अर्धा इंच रुंद आणि इंचाला ३ दात्यांचं हुक पातं (पुढे झुकलेल्या दात्यांचं) घ्या. १० दात्यांचं लावलंत की दात्यांमधल्या खाचा भुशाने गच्च भरतात, पातं तापतं आणि लाकडाच्या पोटात वाकतं. वरून रेघ सरळ दिसते, फळी उघडली की मध्ये फुगवटा! मग लोक उगाच गाईड, म्हणजे पातं सरळ धरणारे ठोकळे, पिळत बसतात. ओल्या फणसात तर हे आणखी लवकर होतं. दात्यांवर चीक बसला, तर प्लग काढून रॉकेलच्या फडक्याने पुसा.

देव्हाऱ्याच्या कमानीला पाव इंची, ६ दात्यांचं. ते साधारण १६ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळतं. अर्धा इंचीला मात्र ६४ मिलिमीटर त्रिज्येच्या खाली ओढू नका, मागची कड घासून जळका वास येतो. ६ मिलिमीटर प्लायला इंचाला १४ दाते, कारण जाडीत निदान ३ दाते हवेतच.

गोव्यातल्या पावसाळ्यात काम संपलं की ताण सैल करा आणि पात्यावर तेलाचं फडकं फिरवा. गंज धरायला इथे वेळ लागत नाही.