डिफॉल्ट लॉजिकमध्ये, म्हणजे ‘सहसा असं असतं’ अशा नियमांवर चालणाऱ्या तर्कपद्धतीत, एकाच माहितीतून दोन उलट उत्तरं निघतात, मग त्याला तर्क कसं म्हणायचं?

म्हणता येतं. माझ्या मते ती दोन उत्तरं हाच या लॉजिकचा प्रामाणिकपणा आहे.

संगणकशास्त्रज्ञ रेमंड रायटर यांनी १९८० साली मांडलेल्या डिफॉल्ट नियमाचे तीन भाग असतात: आधी काय माहीत हवं, काय मानायला अडचण नसावी, आणि मग कशावर यायचं. ‘क्ष पक्षी आहे, तो उडतो असं मानायला अडचण नाही, तर तो उडतो.’ मधला भाग सिद्ध करावा लागत नाही, तो खोटा ठरलेला नसला की पुरे. क्ष पेंग्विन निघाला की निष्कर्ष मागे घ्यायचा. शाळेच्या भूमितीत असं होत नाही. तिथे नव्या माहितीने जुनं प्रमेय मोडत नाही.

आता अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचं प्रसिद्ध उदाहरण कागदावर करून बघा. ते क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाचे) होते आणि रिपब्लिकन पक्षाचेही. नियम असे: क्वेकर सहसा शांततावादी असतात, रिपब्लिकन सहसा नसतात. पहिला नियम आधी लावला की ‘शांततावादी’ कागदावर आलं आणि दुसऱ्याचा मधला भाग तिथेच अडला. दुसरा आधी लावला तर पहिला अडतो. असे दोन संच तयार होतात, त्यांना एक्स्टेंशन म्हणतात, आणि प्रत्येक संच आतून सुसंगत असतो. प्रोग्रामने यातला एक गुपचूप निवडून दिला असता तर मला ते जास्त खटकलं असतं, कारण निवडायला दिलेल्या माहितीत आधारच नाही.

तो आधार तुमच्याकडे असेल तर नियमातच लिहा: दुसऱ्याच्या मधल्या भागात ‘क्वेकर नाही’ हेही घाला, एकच एक्स्टेंशन उरेल. (पाणिनीच्या व्याकरणातही उत्सर्गापेक्षा (सर्वसाधारण नियमापेक्षा) अपवाद बलवान असतो, तीच ही रीत.)

कोड लिहिणार असाल तर एक गोष्ट जपा. मधला भाग शेवटी तयार होणाऱ्या पूर्ण संचाशी ताडायचा असतो, त्या क्षणापर्यंत लिहिलेल्याशी नाही. ‘प मानायला अडचण नसेल तर प नाही’ एवढा एकच नियम घ्या. लावला तर तो स्वतःचाच आधार मोडतो. न लावावा तर अडवायला काही नाही. एक्स्टेंशन शून्य! म्हणून एकामागून एक नियम लावत जाणारा साधा लूप पुरत नाही. आधी संच अंदाजाने धरायचा आणि मग पडताळायचा.

क्लिंगो हा मोफत सॉल्व्हर (नियम दिले की त्यांत बसणारे संच शोधणारा प्रोग्राम) नेमकं हेच करतो. निक्सनचे दोन नियम त्यात लिहा आणि चालवताना कमांडच्या शेवटी ० द्या. नाहीतर तो पहिलं उत्तर दाखवून थांबतो, दुसरं दिसतच नाही.