कालाफियोरी एकदम कुठून आला? इटलीत अकॅडमीतलं पोरगं मोठ्या टीमपर्यंत पोचतं कसं?

तुम्ही विचारलंय की युरो २०२४ (युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा) च्या आधी ज्याचं नाव पण कोणी घेत नव्हतं त्या इटलीच्या डिफेंडरला, रिकार्दो कालाफियोरीला, इंग्लंडच्या आर्सेनल क्लबने महिन्याभरात एवढे पैसे मोजून कसं काय घेतलं, आणि इटलीत अकॅडमीतली पोरं वर येतात ती नक्की कशी. आधीच सांगतो, मी काही इटालियन फुटबॉलचा जुना जाणकार वगैरे नाही. आर्सेनलवाला आहे, आणि याला पहिल्यांदा धड बघितलं ते त्याच युरोत. पण त्यानंतर याच्याबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो, त्याला कारण माझा उजवा गुडघा, ते पुढे येईलच.

तर २४ जून २०२४, लाइपझिग, इटली विरुद्ध क्रोएशिया. आपल्याकडे रात्री साडेबाराची मॅच, सकाळी ऑफिस, तरी बसलो. इटलीचा गोलकीपर दोनारुम्माने क्रोएशियाच्या मॉड्रिचची पेनल्टी अडवली आणि जेमतेम मिनिटभरात त्याच मॉड्रिचने गोल मारला. इटली तशीच हरली असती तर ग्रुपमध्ये तिसरी, तीन पॉइंट, मग बाकीच्यांच्या निकालाकडे डोळे लावून बसायचं. आठ मिनिटं जादा दिलेली, ती पण संपत आलेली, आणि हा लांब केसांचा, कपाळावर बँड लावलेला सेंटर बॅक, म्हणजे गोलसमोरचा मधला डिफेंडर, मधल्या रेषेच्या आसपास बॉल घेतो आणि सरळ मधूनच पळत सुटतो. सेंटर बॅक हो! अशा वेळी सेंटर बॅक काय करतात तर बॉल उचलून बॉक्समध्ये भिरकावतात आणि देवावर सोडतात. हा पळत राहिला, क्रोएशियाची माणसं याच्या अंगावर गोळा झाली, आणि मग डावीकडे आपल्या झाकान्यीला असा मोजून मापून पास दिला की त्याने तो थांबवला पण नाही, तसाच वळवून लांबच्या वरच्या कोपऱ्यात घातला. ९८ वं मिनिट, १-१, इटली पुढे. मी ओरडलो, आई उठून बाहेर आली, स्क्रीनवर कालाफियोरी रडत होता, तर म्हणते "एवढा मोठा घोडा रडतोय कशाला, हरले का?" आता रात्री अडीचला तिला ग्रुप स्टेज कुठे समजावू.

बरं आता मागे जाऊ. जन्म मे २००२, रोममधलाच, आणि लहानपणापासून रोमा क्लबच्या अकॅडमीत. इटलीत क्लबच्या या पोरांच्या विभागाला विवायो म्हणतात, म्हणजे चक्क रोपवाटिका. आणि वयोगटांची नावं तर फारच गोड आहेत, आठ-दहा वर्षांची पोरं म्हणजे पुल्चीनी, कोंबडीची पिल्लं, मग एकेक पायरी चढत जोवानिस्सिमी, आल्लिएवी, आणि सगळ्यात वर १८-१९ च्या आसपासच्या पोरांची प्रिमावेरा, म्हणजे वसंत ऋतू. रोमाचं हे सगळं शहराच्या दक्षिणेला त्रिगोरियाला चालतं. रोमाचे कॅप्टन झालेले बघा, तोत्ती इथलाच, दानिएले दे रोस्सी इथलाच, पेल्लेग्रिनी इथलाच. प्रिमावेराचा कोच वर्षानुवर्षं आल्बेर्तो दे रोस्सी होता, दानिएलेचे वडील. म्हणजे रोममध्ये जन्मलेल्या, रोमाच्या पोराला समोर काय दिसत असेल बघा, पिल्लापासून कॅप्टनपर्यंत एकच सरळ जिना.

आता २ ऑक्टोबर २०१८. वय १६. युथ लीग म्हणजे चॅम्पियन्स लीगची पोरांची आवृत्ती, त्यात व्हिक्टोरिया प्लझेनविरुद्ध मॅच, आणि एका टॅकलमध्ये याचा गुडघा गेला. गेला म्हणजे एक लिगामेंट नाही, लिगामेंटं, मेनिस्कस, कॅप्सूल, सगळंच. पुन्हा खेळेल का नाही इथपर्यंत बोलणं गेलं होतं. त्याच संध्याकाळी रोमाच्या मोठ्या टीमने त्याच प्लझेनला ५-० हरवलं, रोमाचा स्ट्रायकर जेकोने हॅटट्रिक केली आणि ती या पोराच्या नावे केली.

इथे माझा गुडघा येतो. माझा फक्त एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं एक लिगामेंट, गेला होता, टर्फवर, कोणी हात पण न लावता, नुसता वळलो आणि आतून काहीतरी फटकन तुटल्याचा आवाज मलाच ऐकू आला. ऑपरेशननंतर पहिले कित्येक दिवस फिजिओचा व्यायाम काय, तर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा. बास. आणि तेवढं पण होत नाही, तुम्ही मांडीला सांगताय आखड, आणि मांडी तुमचं ऐकतच नाही, जणू दुसऱ्या कोणाची आहे. दीड महिन्याने दोन्ही मांड्या शेजारी ठेवून बघितल्या तर उजवी एवढीशी झालेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जिना उतरणं, चढणं नाही, उतरणं. मी तेव्हा २३ चा होतो आणि पैसे लावून सुद्धा कोणी मला खेळायला बोलवत नव्हतं. हा १६ चा, वाढतं वय, आणि अख्खं आयुष्य त्या एका पायावर. त्याचं ऑपरेशन अमेरिकेत पिट्सबर्गला झालं, त्याचा एजंट तेव्हा मिनो रायोला होता, आणि ज्या डॉ. फ्रेडी फू यांनी इब्राहिमोविचचा गुडघा केला होता त्यांच्याकडेच याला नेलं. जवळजवळ वर्ष गेलं त्यात. म्हणून मला कोणी "लकी पोरगा, एका युरोत स्टार झाला" म्हणलं की जरा चिडायला होतं.

परत आला, आणि १ ऑगस्ट २०२० ला सेरी आ, म्हणजे इटलीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये पहिली मॅच, ती पण तुरिनला युव्हेंटसच्या मैदानावर. कोविडमुळे सीझन ऑगस्टपर्यंत लांबलेला, स्टँड रिकामे, युव्हेंटस आधीच चॅम्पियन झालेलं. रोमा ३-१ जिंकली आणि याने एक पेनल्टी मिळवून दिली. डिसेंबरमध्ये युरोपा लीगला यंग बॉइजविरुद्ध लांबून डाव्या पायाचा एक असा फटका मारला की बघाच शोधून. आता इथे कोणीही म्हणेल झालं, पोरगं लागलं लायनीला.

नाही ना. आणि तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आहे ना, त्याचं खरं उत्तर इथे आहे. इटलीत पोरं तयार होत नाहीत असं नाहीये, २०२३ चा अंडर १९ युरो इटलीने जिंकला, २०२४ चा अंडर १७ पण, २०२३ च्या अंडर २० वर्ल्ड कपची फायनल खेळले. आणि याच देशाची मोठी टीम २०१८ आणि २०२२ च्या वर्ल्ड कपला गेलीच नव्हती. प्रिमावेरा आणि सेरी आ याच्या मध्ये एक मोठा खड्डा आहे आणि पोरं तिथे पडतात. कोचला पुढच्या रविवारची नोकरी वाचवायची असते, तो १९ वर्षांच्या पोराच्या चुका कशाला पोटात घालेल, त्यापेक्षा ३१ चा अनुभवी बरा. वर काही वर्षं बाहेरून येणाऱ्या खेळाडूंच्या पगारावर टॅक्समध्ये घसघशीत सूट होती, ती २०२३ अखेर बंद झाली, पण तोवर क्लबांना तयार परदेशी खेळाडू घरच्या पोरापेक्षा सोयीचा पडायचा. स्पेनसारख्या बी टीम खालच्या डिव्हिजनमध्ये खेळवायची सोय इटलीत २०१८ ला झाली, ती पण सुरुवातीला एकट्या युव्हेंटसने घेतली, मग २०२३ ला अटलांटा, २०२४ ला मिलान. रोमाकडे तशी टीम नव्हती. मग उरतं काय, लोन, म्हणजे दुसऱ्या क्लबला उसना देणं. या गावातून त्या गावात. बॅग भरा, सहा महिने बेंचवर बसा, परत या.

याचं तेच झालं. २०२१ ला मोरिन्यो कोच म्हणून आला, सुरुवातीला याला लेफ्ट बॅकला, म्हणजे डाव्या कडेच्या डिफेंडरच्या जागी, खेळवलं पण, आणि मग ऑक्टोबरमध्ये नॉर्वेत बोडो ग्लिम्टने रोमाला ६-१ धुतलं. मोरिन्योने त्या रात्री बरीचशी राखीव मंडळी उतरवली होती, हा पण त्यात होता. त्यानंतर त्या टीममधल्या कित्येकांचे दिवसच फिरले. जानेवारीत याला जेनोआला लोनवर पाठवलं, तिथे बोटावर मोजण्याइतक्या मॅच मिळाल्या, जेनोआ खाली रेलिगेट झालं, आणि त्याच मे महिन्यात रोमाने तिरानाला कॉन्फरन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली. वीस वर्षांचं रोमचं पोरगं, शहर रस्त्यावर नाचतंय, आणि हा दुसरीकडे बुडालेल्या टीममध्ये.

ऑगस्ट २०२२ ला रोमाने त्याला विकून टाकलं, स्वित्झर्लंडला, बाझलला, आणि पेपरात आलेला आकडा होता दीडेक मिलियन युरो. इटालियन फुटबॉलमध्ये याचा अर्थ साधारण "बाय बाय" असाच होतो. मला विचाराल तर या अख्ख्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष हेच. युरो नाही, आर्सेनल नाही, बाझल. कारण एक म्हणजे तिथे तो आठवड्यामागून आठवडा खेळला, आणि दुसरं म्हणजे तिथे तीन डिफेंडरच्या लाइनमध्ये त्याला डावीकडचा सेंटर बॅक करून बघितलं. रोमात तो कडेने धावणारा लेफ्ट बॅक होता, सहा फुटांच्या वर उंच, आणि जागतिक दर्जाच्या विंगरमागे नव्वद मिनिटं वरखाली पळायला लागणारा तो स्प्रिंट त्याच्याकडे तसा नव्हताच (गुडघ्यामुळे की मूळचाच, ते देव जाणे, माझं मत आहे फक्त). पण त्याच माणसाला चार पावलं आत उभा केला तर उंची कामाला येते, आणि लेफ्ट बॅकचं बॉलवरचं कौशल्य सेंटर बॅककडे असलं तर तो अर्धा मिडफिल्डरच होतो की. त्या वर्षी बाझल कॉन्फरन्स लीगच्या सेमीपर्यंत गेलं आणि फिओरेंटिनाकडून एक्स्ट्रा टाइमच्या पण एक्स्ट्रा टाइममध्ये, १२९ व्या मिनिटाला खाल्लेल्या गोलने बाहेर पडलं. शेवटच्या क्षणांचं आणि याचं काहीतरी नातं आहे बघा.

मग २०२३ ला बोलोन्या, तीन-चार मिलियन युरोच्या घरात, आणि तिथे कोच थियागो मोत्ता. मोत्ताच्या टीममध्ये कागदावर लिहिलेल्या पोझिशनला फारसा अर्थच नव्हता, सेंटर बॅक मिडफिल्डमध्ये जायचा, मिडफिल्डर मागे येऊन त्याची जागा धरायचा, आणि हे सगळं ठरवून. कालाफियोरीला बॉल घेऊन पुढे निघायची नुसती परवानगी नव्हती, ते त्याचं कामच होतं. त्या सीझनला लीगमध्ये पाच असिस्ट, म्हणजे गोलच्या आधीचे पास, आणि ते डिफेंडरचे! बोलोन्या पाचवं आलं आणि साठ वर्षांनी युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत पोचलं, याआधी तिथे गेलं होतं ते १९६४ ला लीग जिंकल्यावर. मे २०२४ ला युव्हेंटसविरुद्ध याने दोन गोल मारले, दुसरा तर गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद उचलून, जसा एखादा दहा नंबरवाला मारतो. बोलोन्या ३-० पुढे होतं. मॅच ३-३ झाली, ते सोडा.

आता परत लाइपझिगला या. ९८ व्या मिनिटाला तो मधून पळाला ते काही अंगात आलं म्हणून नाही, वर्षभर दर आठवड्याला हेच करत होता, फक्त आपण बोलोन्याच्या मॅच बघत नव्हतो. इटलीचा तेव्हाचा कोच स्पालेत्तीने त्याला इटलीकडून पहिल्यांदा उतरवलं ते युरोच्या दहा-बारा दिवस आधी, तुर्कस्तानविरुद्ध. स्पेनविरुद्ध त्याच्याच पायाला लागून स्वतःच्या गोलमध्ये बॉल गेला आणि इटली १-० हरली, चार दिवसांनी क्रोएशियाची मॅच. आणि पुढची स्वित्झर्लंडविरुद्धची मॅच यलो कार्डांमुळे बाहेर बसून बघितली, इटली २-० ने हरून घरी.

आर्सेनलने जुलै अखेर घेतलं, सगळं धरून ४२ मिलियन पाउंडच्या आसपास. प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला ते मॅन सिटीविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, आणि लांबून असा गोल मारला की मी सोफ्यावरून उठलो आणि गुडघा कुरकुरला. ती मॅच दहा जणांनी जवळपास जिंकलीच होती आणि सिटीच्या स्टोन्सने बरोबरीचा गोल मारला, कितव्या मिनिटाला? ९८ व्या. म्हणलं ना नातं आहे. दुखापती अजून पिच्छा सोडत नाहीत, पहिल्या सीझनमध्येच गुडघ्याने दोनदा बाहेर बसवलं. ऑगस्ट २०२५ ला ओल्ड ट्रॅफर्डवर कॉर्नरवरून हेडर मारून मॅन युनायटेडला १-० हरवलं तेव्हा आईला हाक मारून दाखवला, "तो रडका", तिने लगेच ओळखला.

आणि पैशाचं विचारलंय तर एक गंमत. बाझलने बोलोन्याला विकताना पुढच्या विक्रीतला जवळपास निम्मा वाटा लिहून घेतला होता. म्हणून त्या जुलैमध्ये सौदा इतका रेंगाळला, बोलोन्याला आकडा वर न्यायचा होता कारण निम्मे तर स्वित्झर्लंडला जाणार होते. म्हणजे ज्या क्लबकडे हा फक्त एक वर्ष होता त्यांनी घातलेल्या पैशाच्या कितीतरी पट काढले. रोमाने याला पिल्लाचा मोठा केला, गुडघा होईपर्यंत वर्षभर सांभाळला, आणि विकला तो दीडेक मिलियनला.