शब्दाचा सातबारा

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. क्लासमध्ये तू ‘पॉश’ची गोष्ट सांगितलीस. इंग्लंडहून हिंदुस्थानात बोटीने येणारे श्रीमंत साहेब येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची, सावलीची केबिन घेत, ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं त्यांच्या तिकिटावर मारलेली असत, त्यावरून पॉश. नववीतल्या एका मुलाने भर वर्गात ‘मॅडम, हे खोटं आहे’ म्हटलं, आणि तू त्याला खाली बसवलंस. आता मला विचारतेस, ‘सर, गोष्ट खोटी असली तरी शब्द मुलांच्या लक्षात राहतो ना? मग बिघडलं कुठे?’

बिघडलं. कुठे, ते सांगतो.

आपल्याकडे जमीन घेताना विकणारा कितीही गोड बोलला तरी आपण आधी सातबारा मागतो. फेरफार बघतो. कोणाकडून कोणाकडे, कोणत्या साली गेली ते बघतो. शब्दाला हेच दोन प्रश्न विचारायचे असतात. साल कुठलं? कागद कुठला? तुझ्या पत्राची चार पानं वाचली, त्यात हे दोन प्रश्न मला एकदाही दिसले नाहीत, आणि त्याचाच मला राग आला.

पॉशचं घे. तसं तिकीट आजवर एकही सापडलेलं नाही. त्या बोटी चालवणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या दप्तरातही त्याचा मागमूस नाही. झकपक, रुबाबदार या अर्थाने हा शब्द छापलेला दिसतो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तिकिटाची गोष्ट छापलेली दिसते ती १९३० च्या दशकात. आधी शब्द, मागाहून गोष्ट. आद्याक्षरं आली की सावध व्हायचं हे तर मी तुम्हाला फळ्यावर लिहून दिलं होतं. रडार, लेझर हे खरेखुरे आद्याक्षरांचे शब्द, पण ते १९४० च्या सुमाराचे आणि त्यानंतरचे. त्याआधी इंग्रजीत शब्द घडवायची ही रीत जवळपास नव्हतीच. ‘गोल्फ’ म्हणजे ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ची आद्याक्षरं, फक्त पुरुषांसाठी, बायकांना मनाई, हेही तू सांगत असशील. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली फुटबॉल आणि गोल्फवर बंदी घातली, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून खेळत बसायचे. त्या कायद्यात हा शब्द लिहिलेला आहे. हा झाला कागद.

मी इतका हट्टाने का बोलतो, ते आजवर तुला सांगितलं नव्हतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही अशा गोष्टी सांगायचो. ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. चारी दिशांकडून येते ती बातमी. मुलं टाळ्या वाजवायची. आमच्या शाळेतली एक मुलगी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत हेच बोलली. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, ‘जुन्या इंग्रजीत न्यूजचं स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असं असायचं. मग दुसरा ई कोणती दिशा?’ तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मी मान खाली घातली.

न्यूज म्हणजे ‘न्यू’चं अनेकवचन, नव्या गोष्टी. फ्रेंचमध्येही बातम्यांना ‘नुव्हेल’ म्हणजे ‘नव्या’च म्हणतात. इतकं साधं होतं. गावात तेव्हा व्युत्पत्ती देणारा एकही कोश नव्हता, हे खरं आहे. पगार बेताचा, पुण्याला जायचं तर एक दिवस मोडायचा, हेही खरं. पण मी शोधलंच नव्हतं, आणि न शोधता ठाम सांगितलं होतं. पुढच्या सुट्टीत पुण्याच्या एका ग्रंथालयात जाऊन ऑक्सफर्डचा मोठा कोश पहिल्यांदा उघडला. तेव्हापासून चिठ्ठ्या करतो.

ती पद्धतही त्या कोशाचीच. त्याचे संपादक जेम्स मरे यांनी वाचकांना आवाहन केलं, आणि लोकांनी पुस्तकं वाचून चिठ्ठ्या पाठवल्या: वर शब्द, खाली साल, लेखक, पुस्तक आणि ते आख्खं वाक्य. अशा लाखो चिठ्ठ्यांवर तो कोश उभा राहिला. पहिला भाग १८८४ साली निघाला, काम पुरं झालं १९२८ साली. मरे १९१५ मध्येच गेले, टी या अक्षरावर काम चालू असताना. ऐकीव गोष्टी चालल्या असत्या तर एवढी वर्षं लागली नसती.

तू म्हणशील, खरं रुक्ष असतं. अजिबात नाही! तुझी मुलं रोज ‘अंपायर’ म्हणून ओरडतात ना? हा शब्द मुळात ‘नंपायर’सारखा होता, जुन्या फ्रेंचमधून आलेला, अर्थ, ज्याला जोडी नाही असा, दोघांच्या वादातला तिसरा. ‘अ नंपायर’ म्हणता म्हणता न मागे सरकून ‘अॅन’ला चिकटला आणि ‘अॅन अंपायर’ झाला. ‘एप्रन’चंही तसंच. तो ‘नॅप्रन’ होता, नॅपकिनचा भाऊबंद. मुलांना दोन्ही भराभर दहा वेळा म्हणायला लाव. शब्द कसा फुटतो ते त्यांना जिभेवरच कळेल.

आणि ‘मंगूस’! तो आपला मराठी मुंगूस आहे. जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरच्या प्रवासवर्णनात, १६९८ साली छापलेल्या, तो भेटतो. इंग्रजीत त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘गूस’ म्हणजे हंस शिरला. हंसाचा त्याच्याशी काही संबंध नाही, म्हणून अनेकवचन ‘गीस’सारखं न होता ‘मंगूसेस’ होतं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात आपला मुंगूस बघ आणि मग ऑक्सफर्ड उघड. दोन कोश समोरासमोर ठेवायचा आनंद तू अजून घेतलेला नाहीस.

रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा म्हणून ‘सॅलरी’, हेही आता थांबव. लॅटिन ‘सालारियुम’चा ‘साल’शी, म्हणजे मिठाशी संबंध आहे, इथवर बरोबर. पण शिपायाच्या हातावर मीठ ठेवत असं सांगणारा एकही जुना रोमन लेख नाही. त्यापेक्षा आपला ‘पगार’ सांग. तो पोर्तुगीज. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे देणं, आणि मूळ लॅटिनमध्ये शांत करणं. देणेकऱ्याने पैसे मोजून घेणेकऱ्याला शांत करणं. इंग्रजी ‘पे’ त्याच मुळाचा. पगार आणि पे सख्खी भावंडं, हे सांगायला काहीही रचावं लागत नाही.

‘पॉश’ची चिठ्ठी आजच कर. साल लिही, कागद लिही. ‘उगम’ या ओळीवर काही लिहू नकोस. अभ्यासकांनाही तो पक्का ठरवता आलेला नाही, आणि मुलांना ती रिकामी ओळ तशीच दाखव.

सोमवारी वर्गात गेलीस की आधी त्या मुलाला उभं कर आणि सगळ्यांसमोर म्हण, ‘तुझं बरोबर होतं.’ मला माझ्या विद्यार्थिनीला ‘तुझी चूक नव्हती’ एवढंच म्हणायचं होतं. मी पुण्याहून परतलो तोवर तिच्या वडिलांची बदली झाली होती.

तुझा,
सर