गणपतीत एकीनं विचारलं, "कुठली डॉर्म गं?"

*ताई, आम्ही सॅन होजेला असतो. लेकीला सातवीपासून यूसी बर्कलीचंच, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कली कॅम्पसचंच, वेड. गेल्या वर्षी मार्चमध्ये नकार आला. यूसीचेच रिव्हरसाइड आणि मर्सेड कॅम्पस मिळत होते, ते सोडून ती डी अँझाला गेली, इथल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणते दोन वर्षांनी ट्रान्सफर घेऊन बर्कलीलाच जाईन. तेव्हापासून हे तिच्याशी कामापुरतं बोलतात. ती क्लास संपला की पार्किंगमधून सरळ घरी, ना मैत्रीण ना क्लब. कॅम्पस टूरला घेतलेली निळी हूडी कपाटात टॅगसकट पडलीये. मी पुण्याला सासूबाईंना आणि इथे मंडळात "यूसीला आहे" सांगून टाकलं. परवा मंडळाच्या गणपतीत एकीनं विचारलं कुठली डॉर्म, मी काहीतरी ठोकून दिलं, आणि लेक मागेच मोदकाची ताटली घेऊन उभी. गाडीत म्हणाली, आई, तुला माझी लाज वाटते ना? आता दुसरं वर्ष सुरू होईल. परत नकार आला तर काय करू?*

अगं, ताई म्हणालीस म्हणजे मी अगं-तुगंच करणार, चालवून घे.

तू मला विचारलंयस परत नकार आला तर काय, आणि लेकीनं तुला विचारलंय लाज वाटते का. तिला काय उत्तर दिलंस ते पत्रात कुठेच नाहीये. दिलंच नसशील असं मी धरून चालते.

माझा मोठा भाऊ दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेला. पाहुणे आले की आई आवाज खाली आणून सांगायची, "डिप्लोमाला टाकलंय", जसं काही दवाखान्यात टाकलंय. तीन वर्षांनी तो डायरेक्ट सेकंड इयरला आला, बारावी करून आलेल्या पोरांच्याच बाकावर, आणि वर्कशॉपला त्यांना लेथ कशी धरायची ते हाच दाखवायचा. पण आईनं ती तीन वर्षं कधी धरलीच नाहीत, कुणी विचारलं की थेट इंजिनीअरिंगपासून सुरुवात. भावाची पन्नाशी उलटली, त्याला ते अजून लागतं. चेष्टेत बोलतो, पण बोलतो.

तुमच्याकडे तर हा रस्ता मागच्या दाराचा नाहीच मुळी. १९६० च्या कॅलिफोर्नियाच्या उच्चशिक्षणाच्या मास्टर प्लॅनमध्येच ठरलं की यूसीनं वरच्या दोन वर्षांना जास्त जागा ठेवायच्या, म्हणजे कम्युनिटी कॉलेजची पोरं तिथे मावतील. तो प्लॅन ज्यांच्या पुढाकारानं झाला ते क्लार्क केर तेव्हा अख्ख्या यूसीचे प्रेसिडेंट होते आणि त्याआधी बर्कलीचेच पहिले चान्सलर. फ्रेशमन म्हणून, म्हणजे थेट पहिल्या वर्षाला, अर्ज करणाऱ्यांतून बर्कली साधारण नवातला एक घेते, ट्रान्सफरवाल्यांतून साधारण चारातला एक. मेजरप्रमाणे, म्हणजे मुख्य विषयाप्रमाणे, हे खूप हलतं, कॉम्प्युटर सायन्स असेल तर हा आकडा विसर. लेकीचा मेजर कुठला? बघ, तू बर्कलीचं सगळं लिहिलंस, हूडीचा रंगही लिहिलास, ती शिकतेय काय ते नाही लिहिलंस.

आणि अर्जात नेमकं तेच विचारतात. चार छोटी उत्तरं असतात, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत, त्यातला एक प्रश्न सक्तीचा, की या मेजरसाठी तू काय तयारी केलीस. वर तीच चार उत्तरं जितक्या यूसीला अर्ज कराल तितक्यांकडे जातात, त्यामुळे सातवीपासूनचं बर्कलीप्रेम लिहायची सोयच नाही, डेव्हिसवाल्यांनी ते वाचून काय करायचं? एसएटी ही प्रवेशपरीक्षा बघत नाहीत. मग उरलं काय, तर डी अँझाचे ग्रेड्स, तिथले विषय आणि तिथे तिनं काय केलं ते. जे वर्ष ती पार्किंगमध्ये उभं राहून काढतेय आणि तू मंडळात लपवतेयस, तपासणारा माणूस तेच वर्ष उघडून बसणार आहे. म्हणून तिला म्हणावं एखाद्या सरांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारायच्या वेळेला, जाऊन बस, एखादा क्लब धर, लायब्ररीत ट्यूटरिंग कर, काहीही, पण तिथे राहायला लाग. बर्कलीला पोचल्यावर जगायला सुरुवात करू हे काही खरं नाही.

आता घाईचं. सप्टेंबर चालू आहे ना, मग हे आजच बघा. टॅग नावाची सोय आहे, हूडीचा टॅग नव्हे, ट्रान्सफरची हमी. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ, या सहांपैकी एकाच ठिकाणी भरता येतो, त्यांच्या अटीत बसलं की जागा पक्की. काही मेजर त्यात नसतात, ते काउन्सेलरला विचारा. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो यात नाहीत. मुदत १ ते ३० सप्टेंबर, त्यानंतर कुणाच्या हातापाया पडून उपयोग नाही. टॅग भरला म्हणून बर्कलीचा अर्ज अडत नाही, तो वेगळा, नोव्हेंबरअखेरपर्यंत, आणि जानेवारीत नवे ग्रेड्स भरायचे असतात ते विसरू नका. डी अँझाचा कुठला विषय बर्कलीत कशाच्या बदली धरतात ते असिस्ट डॉट ऑर्गवर ओळीनं दिलंय. तिनं ते बघितलं असेलच, पण तूही एकदा तिच्या शेजारी बसून बघ. तपासायला नको जाऊस, नुसती बस.

तर परत नकार आला तर काय, याचं माझं उत्तर तो टॅग. समजा डेव्हिसचा भरला आणि तिकडून होकार असला, तर एप्रिलमध्ये बर्कली नाही म्हणाली तरी ती डेव्हिसला थर्ड इयरला बसेल. रडेल, आठवडाभर दार लावून घेईल, घेऊ दे. पहिल्या नकाराच्या वेळी तिच्या हातात तिला हवं असं काहीच नव्हतं, यावेळी असेल. पण डेव्हिस "मिळालं तर घे" म्हणून भरू नका, एकदा जाऊन या, तुमच्यापासून दोन तासांच्या आसपास तर आहे. तिला तिथे स्वतःला बघता आलं नाही तर दुसरं नाव निवडा.

मिस्टरांसाठी गणित देते, पुरुषमाणसं गणितानं लवकर विरघळतात. तुम्ही कॅलिफोर्नियाचे रहिवासी धरले जात असाल तर डी अँझाला क्वार्टर युनिटला, म्हणजे तिमाही सत्रातल्या एका क्रेडिटला, ३१ डॉलर फी, ट्रान्सफरला लागतात ९० युनिटं, म्हणजे दोन वर्षांची फी तीन हजारांच्या आत. यूसीला एकाच वर्षाची पंधरा हजारांच्या आसपास, राहणं-खाणं वेगळं. एकोणीस वर्षांच्या पोरीनं तुमचे एवढे पैसे वाचवले आणि बाप तिच्याशी बोलत नाही, कमाल आहे. हे वाक्य माझ्या नावावर खपव, तुझ्या नको.

राहिलं मंडळ. तिथे जाहीर माफी वगैरे मागू नकोस, लेकीलाच अवघडल्यासारखं होईल. पुढच्या वेळी कुणी विचारलं की "डी अँझाला आहे, यंदा ट्रान्सफरचे अर्ज भरतेय", बास, आणि ती ऐकू येईल एवढ्यात असताना. पण त्याआधी गाडीतल्या प्रश्नाचं उत्तर दे. वाटत होती तर "वाटत होती" म्हण, तिला ते ठाऊक आहेच, तू नाकारलंस तर अजून एक खोटं वाढेल.

आणि पुण्याला फोन तिच्यासमोर कर, स्पीकरवर. सासूबाईंना कम्युनिटी कॉलेज, क्वार्टर, युनिटं असलं काही सांगत बसू नकोस. दोन वर्षं इथे करायची आणि मग मोठ्या कॉलेजात थेट तिसऱ्या वर्षाला, एवढंच सांग. बघ, त्याच म्हणतील, "म्हणजे आपल्या डिप्लोमासारखं की गं! मग एवढं लपवत काय होतीस?"