आधी बाग, मग वाडा

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला. व्हिएन्नातला शोनब्रुनचा शाही वाडा बघून आलीस, सगळे वॉव वॉव करत होते आणि तुला काहीच वाटलं नाही, मग मी आर्किटेक्चर शिकायला लायक तरी आहे का काका, असं विचारलंयस. लायक आहेस का ते तुझे प्रोफेसर बघतील. मला एवढंच सांग, बागेत किती वेळ होतीस? तू पाठवलेले फोटो बघितले, नुसती झुंबरं आणि सोनेरी वेलबुट्टी, बागेचा एकच, तोही सेल्फी.

आधी बाग, मग वाडा. मी हे भेटेल त्याला सांगत आलोय आणि कोणी ऐकत नाही.

वास्तुकार फिशर फॉन एर्लाखचा पहिला आराखडा तुम्हाला शिकवलाच असेल, त्यात वाडा टेकडीच्या माथ्यावर होता. ते काही झेपणारं नव्हतं, मग वाडा खाली बांधला आणि माथा मोकळाच राहिला, तिथे ग्लोरिएट, म्हणजे खांब-कमानींचा तो मंडप, उभं राहिलं ते थेट 1775 मध्ये, राणी मारिया थेरेसाच्या शेवटच्या वर्षांत. म्हणजे खाली वाडा, वर ग्लोरिएट, आणि खरं डिझाइन मधल्या अंतरात. ते अंतर तू चाललीच नाहीस, टाइम स्लॉट गाठायला मागच्या दाराने आल्यासारखी आत घुसलीस आणि आता म्हणतेस काही वाटलं नाही! कसं वाटेल?

परत जा. व्हिएन्नातच राहतेस, U4 मेट्रोत बसायचं आणि हिट्झिंगला उतरायचं. बाग सकाळी साडेसहाला उघडते, फुकट आहे, त्यामुळे स्टुडंट बजेटचं कारण मला सांगू नकोस. तिथल्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंची झाडं बघ, भिंतीसारखी सपाट कापलेली, एक फांदी बाहेर नाही. हात लावून बघ. झाडाला झाड म्हणून वाढू दिलेलं नाही, त्याची भिंत केलीय, आणि ती भिंत तुझी नजर जिथे न्यायची तिथेच नेते. मग 1778 ची ती रोमन पडझड बघ, मुद्दाम पडकी बांधलेली, नवीकोरी असतानाच पडकी (मला ती बघून दर वेळी हसू येतं). नेपच्यूनच्या कारंज्यामागे जाता येतं, तिथून पाण्याच्या पडद्यातून वाडा बघ. मग चढ टेकडी. ग्लोरिएटचे खांब आणि कमानी जुन्या नॉयगेबॉयडे वाड्यातून उचलून आणलेल्यात, पूर्वजांचा वाडा मोडायचा आणि त्याचं सामान आपल्या टेकडीवर लावायचं, हेही बघून ठेव. वर बस. अर्धा तास तरी बस, फोन न काढता.

आणि मग आत जा. मिलियन्स रूमपर्यंत नेणारं तिकीट घे, तुला तिथे पोचायचंय. मागच्या वेळी तिथून गेली असशीलच, हेडफोन लावून, पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत. त्या खोलीत रोझवूडच्या भिंतीत सोनेरी नक्षीच्या चौकटी आहेत आणि चौकटींत आपल्याकडची मुघल लघुचित्रं. पण जवळून बघ, ती अख्खी नाहीत. कापलीत. बादशहा, घोडे, बायका, झाडं, सगळं सुटं करून त्या वेड्यावाकड्या चौकटीच्या आकारात बसेल असं परत चिकटवलंय, आणि हे राजघराण्यातल्याच मंडळींनी केलं असं सांगतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा इतका संतापलो की पुढच्या खोल्या बघवेनात. पण सकाळी बाग बघितलेली होती म्हणून कळलं तरी, की ज्या हौसेने झाडाची भिंत केली त्याच हौसेने चित्राचा तुकडा केलाय. यांना जगातली कुठलीही वस्तू आपल्या चौकटीत बसवायचीच होती. नुसती खोली बघितलीस तर एक तर छान म्हणशील नाही तर चिडशील, दोन्हीचा उपयोग नाही. म्हणून आधी बाग. किती वेळा सांगू?

एवढं झालं की बाकीचं आपोआप दिसायला लागतं. सगळं चौकटीत बसवणाऱ्या त्या घराण्यातला सम्राट फ्रान्झ योसेफ साध्या लोखंडी खाटेवर झोपायचा, पहाटे उठून फायली बघायचा, 1830 मध्ये याच वाड्यात जन्मला आणि 1916 मध्ये इथेच गेला. दोनच वर्षांनी, 11 नोव्हेंबर 1918 ला, त्याच्यानंतरच्या कार्लने निळ्या चिनी दालनात राज्यकारभार सोडल्याच्या कागदावर सही केली. 1441 खोल्यांचा पसारा, आणि शेवट एका कागदावर.

तुझी काकू हे वाचून म्हणेल, शिकवतायत बघा, यांच्यामुळे मी व्हिएन्नात जाऊन हॉफबुर्गचा राजवाडा बघितला नाही, बेल्वेडेरचा बघितला नाही, एका बागेत दिवस घालवला. खरं आहे. आता तिचे गुडघे दुखतात, परत जाणं होईलसं वाटत नाही, आणि हे मला लागतं, नाही असं नाही. पण तिला आजही ग्लोरिएटवरून दिसणारं शहर, मागचे डोंगर, खालचा पिवळा वाडा सगळं जसंच्या तसं सांगता येतं, आणि त्याच ट्रिपला दिवसात चार ठिकाणं उरकणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या लोकांना कुठलं झुंबर कुठल्या वाड्यातलं ते फोटो बघूनही सांगता येत नाही. मग कोण बरोबर? मीच. काकूला सांगू नकोस.

शनिवार-रविवार जाऊ नकोस, फार गर्दी असते. मित्रमैत्रिणींना नेऊ नकोस, एकटी जा, आणि स्केचबुक ने, कॅमेरा नको. आणि मला वाड्याचं काही लिहू नकोस आधी, बागेचं लिही.

— काका